निर्दोषतेचें सोंवळें

मराठी लेखकवर्गांत एका सद्गुणाची प्रतिष्ठा अलीकडे फार वाढली आहे. कोणा होतकरू, किंबहुना चांगल्या नांवाजलेल्या लेखकास "आपली कादंबरी कोठवर आली?" असें विचारावें, तर तो खिन्न परंतु किंचित् अभिमानयुक्त स्मित करून सांगतो कीं, लिहून केव्हांच झाली आहे, पण अजून मनासारखी उतरली नाहीं, एकवार हात फिरवावयाचा आहे. पुढील वर्षीं हाच प्रश्न विचारावा, तर उत्तर हेंच. दहा वर्षांनीं विचारावा, तरी उत्तरांत फरक पडत नाहीं. फरक पडतो तो एवढाच कीं, स्मितांतील खिन्नता कमी होऊन अभिमान वाढलेला असतो. ऐकणारेही मोठ्या आदरानें माना डोलावतात व केवढी ही कलानिष्ठा, असे उद्गार काढतात. ज्यानें पुस्तक लिहून छापलें त्याच्या चुका वेंचण्यास हीच मंडळी पुढें, आणि ज्यानें कांहींच छापलें नाहीं त्याच्या न छापलेल्या पुस्तकाचे गुण गाण्यासही हीच पुढें! न लिहिलेल्या ग्रंथांत मुद्रणदोष नसतात, हें मात्र कबूल केलें पाहिजे.

या वृत्तीस आम्ही निर्दोषतेचें सोंवळें म्हणतों. सोंवळ्यांतील मनुष्य ज्याप्रमाणें कोणास शिवत नाहीं व कोणास शिवूं देत नाहीं, त्याप्रमाणें हा लेखक आपल्या लेखनास वाचकाचा स्पर्श होऊं देत नाहीं. दोहोंतही बाहेरून दिसते ती शुचिता, आणि आंत असतें तें भय. हें भय कलेविषयींच्या आदरांतून उपजलेलें नसून 'लोक काय म्हणतील' या अगदीं व्यावहारिक काळजींतून उपजलेलें आहे, असें आमचें स्पष्ट मत आहे; आणि तें सद्गुण म्हणून मिरविलें जात असल्यामुळें त्याची थोडी झाडाझडती घेणें आम्हांस अवश्य वाटतें.

प्रारंभींच एक खुलासा करून ठेवूं, म्हणजे विपर्यास टळेल. लेखनावर परिश्रम करूं नयेत, सुचेल तें कागदावर ओतून मोकळें व्हावें, असें आमचें म्हणणें मुळींच नाहीं. शब्द पारखून घेणारा, वाक्य दहा वेळां फिरवून पाहणारा लेखक आम्हांस वंद्य आहे. परंतु परिश्रमी लेखक व सोंवळा लेखक हे दोन निराळे प्राणी होत, आणि ते ओळखण्याची खूणही सोपी आहे. परिश्रमी लेखकाचें लेखन सावकाश कां होईना, पुढें सरकतें. सोंवळ्या लेखकाचें पहिलें प्रकरण सतरा वेळां लिहिलें जातें आणि दुसरें कधींच लिहिलें जात नाहीं.

या घोटाळ्याचें मूळ थोडेंसें आमच्या भाषेंतही आहे. 'पूर्ण' हा आमचा शब्द दोन अर्थांचें ओझें वाहतो. 'काम पूर्ण झालें' म्हणजे तें संपलें. आणि 'पूर्ण पुरुष', 'पूर्णावतार' म्हणजे ज्यांत उणें असें कांहींच नाहीं तो. पहिल्या अर्थाची पूर्णता मनुष्याच्या हातची आहे. सुतारानें खाट विणकऱ्याच्या स्वाधीन केली कीं त्याच्यापुरतें त्याचें काम पूर्ण झालें. दुसऱ्या अर्थाची पूर्णता आमच्या पूर्वजांनीं देवासाठीं राखून ठेविली होती, आणि देवांमध्येंही सरसकट सर्वांस दिली नव्हती. आमचा सोंवळा लेखक हे दोन अर्थ एकांत एक मिसळून टाकतो, आणि उणें राहिलें आहे तोंवर काम संपलें म्हणावयाचें नाहीं असा पण करून बसतो. मग काम संपत नाहीं यांत नवल तें कसलें?

हा वाद नवीन नाहीं. संस्कृत साहित्यशास्त्रांत तो शेंकडों वर्षांपूर्वीं होऊन गेला आहे, आणि आमच्या मतें त्याचा निकालही लागलेला आहे. अकराव्या शतकांतील काश्मिरी पंडित मम्मट यानें आपल्या काव्यप्रकाशांत काव्याची व्याख्या करतांना पहिलें स्थान दिलें तें निर्दोषतेला. शब्द आणि अर्थ हे दोषरहित असावेत, गुणयुक्त असावेत, अलंकार एखादे वेळीं नसले तरी चालतील, अशा आशयाची ती व्याख्या आहे. मम्मट हा थोर शास्त्रकार. त्यानें ग्रंथाचा सातवा उल्लास सबंध दोषांच्या विवेचनास वाहिला, आणि त्यांत मोठमोठ्या कवींचीं पद्यें दोषांचीं उदाहरणें म्हणून उभीं केलीं. पुढें चौदाव्या शतकांत विश्वनाथ झाला. त्यानें साहित्यदर्पणाच्या पहिल्याच परिच्छेदांत या व्याख्येवर हल्ला चढविला. त्याचा युक्तिवाद मासलेवाईक आहे. रावणाच्या तोंडचा एक श्लोक ध्वनीचें उत्कृष्ट उदाहरण म्हणून सर्व मानीत आले. त्यांत तर तुमच्याच शास्त्राप्रमाणें दोष आहे. मग तें काव्यच नव्हे असें म्हणणार काय? आणि दोष अजिबात नाहीं असेंच काव्य शोधूं लागलां, तर काव्य हा पदार्थ अत्यंत विरळ होईल, किंबहुना सांपडणारच नाहीं. कारण सर्वथा निर्दोष असें कांहीं असणेंच शक्य नाहीं. शेवटीं त्यानें दृष्टांत दिला तो रत्नाचा. किड्यानें पोंखरलेलें रत्न मोलानें उतरतें, पण त्याचें रत्नपण कांहीं जात नाहीं.

मम्मटास सांवरून धरण्यासाठीं कांहीं टीकाकारांनीं अशी तोड काढली कीं, 'निर्दोष' याचा अर्थ रसाला बाध आणील असा दोष नसलेलें, एवढाच घ्यावा. तसा तो घेतला तर आमचें कांहींच भांडण उरत नाहीं. पण या प्रकरणांतील खरी मौज पुढेंच आहे. काव्यप्रकाश हा ग्रंथ स्वतः मम्मटाच्या हातून पुरा झाला नाहीं. परिकर अलंकारापुढील भाग अल्लट नांवाच्या दुसऱ्याच पंडितानें लिहून तो सिद्धीस नेला, असें परंपरा सांगते. निर्दोषतेस अग्रपूजेचा मान देणाऱ्याचा ग्रंथ अपुरा राहिला, तो दुसऱ्यानें पुरा केला, आणि हा जोड कोठें आहे तें पंडितांनीं दाखविल्यावांचून सामान्य वाचकास समजतही नाहीं!

अपुऱ्या ग्रंथाचा विषय निघालाच आहे, तर आणखी एक गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाहीं. इतर भाषांनीं या वाङ्मयप्रकारास काय काय नांवें दिलीं असतील तीं असोत. मराठीनें त्यास 'कादंबरी' म्हटलें. म्हणजे आमच्या या सबंध वाङ्मयप्रकाराचें नांवच बाणभट्टाच्या ज्या ग्रंथावरून पडलें, तो ग्रंथ बाणानें अर्धवट टाकलेला आहे. पित्याच्या मृत्यूनंतर तो त्याच्या मुलानें पुरा केला, आणि आरंभीं त्यानें सांगून टाकलें कीं, कवित्वाच्या ताठ्यामुळें आपण हें केलें नसून, कथा अपुरी राहिल्याचें सज्जनांस दुःख होत होतें म्हणून केलें. या मुलाची वाणी बापाच्या तोडीची नाहीं, हें तोही जाणून होता. तथापि वाचकाचें दुःख त्यास आपल्या अब्रूपेक्षां मोठें वाटलें. आमच्या चर्चांतून नेमका हा वाचकच कोठें दिसत नाहीं.

आतां स्वभाषेकडे वळूं. हरि नारायण आपटे यांनीं १८९० च्या ऑक्टोबरांत 'करमणूक' हें साप्ताहिक सुरू केलें आणि त्यांत 'पण लक्षांत कोण घेतो?' ही कादंबरी आठवड्याआठवड्यास लिहून देण्यास आरंभ केला. पुस्तकरूपानें ती १८९३ सालीं आली. या कादंबरीचे दोष शाळकरी मुलासही दाखवितां येतात. तिला पाल्हाळ आहे. कथानक जागोजाग रेंगाळतें. लेखक मध्येंच उठून चार उपदेशाच्या गोष्टी सांगतो. आठवडा भरला कीं मजकूर छापखान्यांत गेलाच पाहिजे, अशा रीतीनें लिहिलेल्या ग्रंथास हे दोष यावयाचेच. पण काळ कोणता होता तें पाहा. १८९१ च्या मार्चांत संमतिवयाचा कायदा झाला. मुलीचें वय दहा असावें कीं बारा, एवढ्या प्रश्नावरून सबंध महाराष्ट्र रणकंदन करीत होता. व्याख्यानें झडत होतीं, अग्रलेख तलवारीसारखे चालत होते, आणि ज्यांच्याविषयीं हें चाललें होतें त्या मुली माजघरांत गप्प बसून होत्या. नेमक्या त्याच सुमारास यमू आपल्या तोंडानें आपली कहाणी सांगूं लागली. घरोघर आठवड्याचा अंक येई, आणि शास्त्रार्थानें ज्यांचीं मनें हाललीं नव्हतीं तीं यमूच्या केशवपनाच्या प्रसंगानें हालत. हरिभाऊंनीं हें सर्व पेटींत ठेवून, पाल्हाळ कापून, कथानक बांधेसूद करून, वीस वर्षांनीं एक गोळीबंद कादंबरी दिली असती, तर टीकाकारांची सोय झाली असती यांत शंका नाहीं. पण यमूचें म्हणणें ज्या क्षणीं लक्षांत घ्यावयास हवें होतें तो क्षण निघून गेला असता. अशा लेखनाची किंमतही त्यांस द्यावी लागली, हें लपविण्याचें कारण नाहीं. त्यांच्या कांहीं कादंबऱ्या अपुऱ्याच राहिल्या. परंतु त्या वाचकासमोर अपुऱ्या राहिल्या, कुलपांत नव्हे.

येथवर जें सांगितलें तें केवळ आळसाचें किंवा भिडस्तपणाचें प्रकरण असतें, तर त्यासाठीं एवढी शाई खर्चण्याचें प्रयोजन नव्हतें. निर्दोषतेचा हा आग्रह एखाद्या लेखकास घरांत कोंडून ठेवतो, तेवढ्यावर भागत नाहीं. तो दुसऱ्यांचीं तोंडें बंद करण्याचें हत्यारही होतो, आणि आमच्या वाङ्मयाच्या इतिहासांत तें हत्यार उघडउघड वापरलें गेलें आहे. जोतीराव फुल्यांची 'गुलामगिरी' १८७३ सालीं निघाली. पुढील वर्षाच्या जानेवारींत विष्णुशास्त्री चिपळूणकरांची निबंधमाला सुरू झाली. मालाकारांनीं जोतीरावांच्या लेखनाचा जो समाचार घेतला त्यांत जोतीरावांच्या आरोपांस उत्तर किती आणि त्यांच्या व्याकरणाची थट्टा किती, हें ज्यानें त्यानें निबंधमाला उघडून मोजून पाहावें. भाषा शुद्ध नाहीं, तस्मात् विचार ऐकण्याजोगा नाहीं, असा तो न्याय होता. शेतकऱ्यानें सांवकाराविरुद्ध गाऱ्हाणें मांडावें, आणि न्यायाधीशानें त्याच्या ऱ्हस्वदीर्घाबद्दल दावा काढून टाकावा, त्यांतलीच गत!

जोतीरावांनीं या थट्टेस भिऊन लेखणी खालीं ठेविली नाहीं. १८८८ सालीं पक्षाघातानें त्यांचा उजवा हात लुळा झाला, तेव्हां त्यांनीं डाव्या हातानें लिहिण्यास प्रारंभ केला आणि 'सार्वजनिक सत्यधर्म' हें पुस्तक पुरें केलें. १८९० च्या नोव्हेंबरांत ते वारले. पुस्तक १८९१ सालीं प्रसिद्ध झालें. ज्याच्या अक्षरासच नव्यानें वळण लावावें लागत होतें, त्यानें शैलीच्या निर्दोषतेची वाट पाहिली असती तर काय झालें असतें, हें सांगावयास नको.

चिपळूणकरांविषयीं अन्याय नको म्हणून हेंही नमूद करतों कीं, ते स्वतः सोंवळे लेखक नव्हते. तेविसाव्या वर्षीं मासिक काढून त्यांनीं त्याचे चौऱ्याऐंशी अंक जवळजवळ एकहातीं लिहिले, आणि १८८२ च्या मार्चांत, वयाचीं बत्तीस वर्षें पुरीं होण्यापूर्वींच ते गेले. त्या निबंधांत पुनरुक्ति आहे, भरंवशाबाहेरचीं विधानें आहेत, आवेशाच्या भरांत सुटलेला तोल आहे. तरीही मराठी गद्यास त्यांनीं जो कणा दिला तो दिलाच. स्वतःस जी मोकळीक त्यांनीं घेतली ती जोतीरावांस दिली नाहीं, एवढेंच आमचें म्हणणें आहे.

आज कोणी टीकाकार इतक्या उघडपणें कोणाच्या व्याकरणाची टर उडवीत नाहीं. त्याची आवश्यकताच उरलेली नाहीं. कारण आतां प्रत्येक नव्या लेखकानें आपल्या मनांतच एक मालाकार आणून बसविला आहे. वाक्य उमटण्यापूर्वींच तो हंसतो. ज्याच्या घरांत ग्रंथांचीं कपाटें होतीं, ज्याच्या कानांवर लहानपणापासून प्रमाण मराठी पडली, त्यास हें हंसणें सहन होतें; त्याचें न छापलेलें हस्तलिखितही त्याच्या बैठकींत भूषण ठरतें. पण जिच्या घराण्यांत पहिल्यानेंच कोणी लेखणी धरली आहे, जिची बोली अहिराणी किंवा वऱ्हाडी किंवा मालवणी आहे, तिला हें हंसणें ऐकूं आलें कीं वही बंद होते, ती कायमची. तिच्या मौनास कोणी कलानिष्ठा म्हणत नाहीं. तें मौन कोणाच्या लक्षांतही येत नाहीं. या सोंवळ्याची खरी किंमत भरतात ते असे लोक.

लक्ष्मीबाई टिळकांचें उदाहरण याच कारणासाठीं पुनःपुन्हां आठवण्यासारखें आहे. शाळेचें तोंड न पाहिलेली ही बाई लग्नानंतर नवऱ्याच्या हाताखालीं अक्षरें शिकली. तिचीं 'स्मृतिचित्रें' १९३४ ते १९३६ या काळांत निघालीं. त्यांत प्रसंगांचा क्रम बोलतां बोलतां मागेंपुढें होतो. वाक्यें जशीं ओटीवर बसून सांगावीं तशींच उतरलीं आहेत. हीं वाक्यें कोणा साक्षेपी पंडिताच्या हातीं देऊन निर्दोष करून घेतलीं असतीं तर मराठींतील एक अत्यंत जिवंत पुस्तक मेलें असतें. आणि हीच बाई 'ख्रिस्तायना'कडेही वळली! नारायण वामन टिळक हे मान्यतेचे कवि. त्यांनीं तें महाकाव्य आरंभिलें आणि थोडेच अध्याय लिहून ते १९१९ सालीं निवर्तले. उरलेलें बहुतेक सर्व काव्य लक्ष्मीबाईंनीं लिहिलें. बाणाच्या मुलाची गोष्ट बारातेराशें वर्षांनंतर मराठी मुलखांत अशी पुन्हां घडली.

प्रतिपक्षाचे लोक येथें फ्लोबेर या फ्रेंच कादंबरीकाराचें नांव पुढें करतील, हें आम्ही जाणून आहों. सोंवळ्या लेखकांचें तें कुलदैवतच आहे. एका योग्य शब्दासाठीं दिवसच्या दिवस घालविणारा, एका पानासाठीं आठवडा झिजणारा तो कलातपस्वी! ठीक आहे. पण त्याची जंत्री नीट पाहावी. 'मादाम बोव्हारी' त्यानें १८५१ च्या सप्टेंबरांत हातीं घेतली, १८५६ सालीं ती संपविली, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस ती पॅरिसच्या एका नियतकालिकांत क्रमशः छापूनही आली. पांच वर्षें! आमच्या बैठकींतील तपस्वी इतक्या अवधींत अर्पणपत्रिकेच्या मसुद्यापलीकडे जात नाहींत. फ्लोबेर कष्टाळू होता, आणि तितकाच संपविणाराही होता. भक्तांनीं त्याच्या कष्टांची पूजा तेवढी उचलली.

खऱ्या अर्थानें निर्दोषतेच्या आहारीं गेलेला कवि पाहावयाचा असेल तर त्याहून मागें, रोमन कवि व्हर्जिलपर्यंत गेलें पाहिजे. त्यानें 'ईनिड' या महाकाव्यावर सुमारें अकरा वर्षें काम केलें, आणखी तीन वर्षें तें तासावें असा त्याचा बेत होता, पण इ. स. पूर्वीं १९ मध्यें मरण आलें, आणि हें काव्य जाळून टाका अशी त्याची इच्छा राहिली. सम्राट् ऑगस्टसनें ती मानली नाहीं. कवीच्या दोघां मित्रांनीं काव्य प्रसिद्ध केलें, आणि ज्या ओळी त्यानें अर्ध्या सोडल्या होत्या त्या तशाच अर्ध्या ठेविल्या. पन्नासांहून अधिक ओळी आजही त्यांत अर्ध्या आहेत, आणि दोन हजार वर्षें यूरोपनें तें काव्य डोक्यावर घेतलें आहे.

या व्हर्जिलची लिहिण्याची रीत त्याच्या प्राचीन चरित्रांत दिलेली आहे, ती आमच्या लेखकांनीं ध्यानीं घेण्यासारखी आहे. लिहितां लिहितां एखादें स्थळ मनासारखें साधेना, तर तेथें अडून न बसतां तो तात्पुरत्या हलक्या ओळी घालून पुढें जाई, आणि थट्टेनें म्हणे कीं, हे नुसते टेकू आहेत. भक्कम खांब येईपर्यंत इमारत यांनीं तोलून धरावी. जो काव्य जाळावयास निघाला होता, तोही लिहितेवेळीं टेकूवर काम भागवीत होता! भिंत उभी नाहीं, छप्पर नाहीं, आणि एकाच खांबावरील नक्षी कोरण्यांत आयुष्य चाललें आहे, असा त्याचा प्रकार नव्हता. लिहिणें व तपासणें हीं दोन कामें दोन वेळांचीं आहेत. तीं एकाच बैठकींत करूं पाहणारा मनुष्य एका हातानें पेरतो आणि दुसऱ्यानें अंकुर उपटून मूळ धरलें कीं नाहीं तें पाहतो.

पूर्वीं या उपद्व्यापास निसर्गतःच थोडा आळा होता. कागदावर खाडाखोड वाढली कीं पान वाचेनासें होई; सबंध प्रकरण पुन्हां उतरून काढावयाचें तर बोटें दुखत; म्हणून मनुष्य केव्हांतरी 'आतां पुरे' म्हणे. संगणकानें ही सोय नाहींशी केली. पडद्यावरील वाक्य हजार वेळां बदललें तरी पान आपलें स्वच्छच, आणि कालचें वाक्य आजच्याहून बरें होतें कीं काय हें पाहावयास तें शिल्लकही नसतें. बाल्झाकची १८३१ मधील एक प्रसिद्ध कथा आहे. एक म्हातारा चित्रकार दहा वर्षें एकच स्त्रीचित्र सुधारीत बसतो, आणि अखेर तें मित्रांस दाखवितो, तेव्हां रंगांच्या त्या धुमाळींत त्यांस एक पाऊल तेवढें ओळखूं येतें. त्या बिचाऱ्यास निदान पूर्वींचे थर कापडावर दिसत तरी होते.

आमच्यावर एक आक्षेप हटकून येणार. दरवर्षीं शेंकडों दिवाळी अंक निघतात, त्यांत कच्च्या, घाईघाईनें खरडलेल्या मजकुराचा पूर लोटतो. अशा काळीं लेखकांस संयम शिकवावयाचा सोडून तुम्ही त्यांस छापावयाची चिथावणी देतां काय? आक्षेपांतील वस्तुस्थिति खरी आहे, पण तिच्यावरून काढलेलें अनुमान उफराटें आहे. हा पूर आणणारे लोक निर्दोषतेच्या भयानें कधींच पीडलेले नव्हते, व आमच्या लिहिण्यानें त्यांत भर पडणार नाहीं. संयमाचा उपदेश ऐकतो कोण? ज्यास मुळांत जाण आहे, जो स्वतःच्या लेखनाकडे संशयानें पाहूं शकतो, तोच. म्हणजे या उपदेशानें पूर ओसरत नाहीं. त्यांतून चांगला लेखक तेवढा बाहेर पडतो, आणि मैदान बेफिकीर लोकांस मोकळें होतें.

निर्दोषता नकोच, असें आम्ही म्हणत नाहीं. ती एका माणसानें एका खोलींत बसून साधावयाची वस्तु नव्हे, असें म्हणतों. मोल्सवर्थनें मराठी-इंग्रजी कोश १८३१ सालीं छापला. सुधारून वाढविलेली आवृत्ति १८५७ सालीं आली. मधलीं सव्वीस वर्षें लोक पहिलाच कोश वापरीत होते, आणि त्यांत काय नाहीं हें तो वापरल्यामुळेंच कळत होतें. श्रीधर व्यंकटेश केतकरांनीं १९१६ सालीं ज्ञानकोशाचें काम आरंभिलें आणि बाराएक वर्षांत तेवीस खंड उभे केले. विद्वानांनीं त्यांत चुका दाखविल्या, अजूनही दाखवितात. मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ सालीं निघाला. त्याचें संपादन अधिक काटेकोर आहे, हें आम्ही आनंदानें मान्य करतों; पण मधल्या जवळजवळ अर्ध्या शतकांत ज्या शिक्षकानें, ज्या वर्तमानपत्रकारानें केतकरांचा खंड उघडला, त्याचें काम त्या दिवशीं अडलें नाहीं. आणि ज्ञानेश्वरीचेंच घ्या ना. ती १२९० सालीं सांगितली गेली. पाठभेदांनीं व प्रक्षेपांनीं ती बिघडत गेली. १५८४ सालीं एकनाथांनीं प्रती मिळवून ती शुद्ध केली. मधलीं दोनशें चौऱ्याण्णव वर्षें लोक अशुद्ध पोथीच वाचीत होते, आणि तिच्याच आधारावर वारकरी पंथ वाढला.

जुन्या मराठी पुस्तकांच्या शेवटीं शुद्धिपत्र असे. पृष्ठ, ओळ, अशुद्ध, शुद्ध, असे चार रकाने; कधीं अर्धें पान, कधीं चांगलीं तीन पानें. 'घाईमुळें राहिलेले दोष सूज्ञ वाचकांनीं सुधारून घ्यावे' अशा धर्तीची एक ओळही वरती असे. आतां शुद्धिपत्र जोडणें कमीपणाचें समजलें जातें. चुका राहतात, फक्त त्यांचें पान काढून टाकलें आहे. मासिकांच्या संपादकांनीं हा जुना रिवाज पुन्हां सुरू करावा, आणि प्रत्येक अंकाचें शेवटचें अर्धें पान मागील अंकाच्या शुद्धिपत्रासाठीं राखून ठेवावें, अशी आमची सूचना आहे. एखाद्या महिन्यास तें रिकामें राहिलेंच, तर तेथें जाहिरात घातलेली आमची हरकत नाहीं.